शालेय व्यायामाचा तास : हजेरी व हौस

मुंबई बेटाच्या ईशान्येस, ठाण्याच्या खाडीच्या अलीकडे, मुलुंड म्हणून जें उपनगर आज वसलें आहे, तेथील व्यायामशिक्षकांशीं बोलूं लागलें म्हणजे बहुधा एक तक्रार ऐकूं येते. आठवी-नववीचीं मुलें व्यायामाच्या तासास देहानें हजर असतात, मनानें नसतात. पोटांत दुखतें म्हणून कोणी सावलींत बसतो, बूट विसरले म्हणून कोणी सुटतो, आणि जीं रांगेंत उभीं राहतात तींहि हात अर्धाच वर नेतात. ही तक्रार केवळ आजची आहे काय, आणि तिचें मूळ मुलांच्या स्वभावांत आहे कीं तासाच्या रचनेंत आहे, एवढाच प्रश्न प्रस्तुत लेखांत आम्ही घेतला आहे. स्वभावाला दोष देणें सोपें असतें. रचनेचा दोष पाहावयाचा तर शंभर-दीडशें वर्षें मागें जावें लागतें.

मुलुंड निवडण्यास कारण आहे. ता. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदर ते ठाणें ही हिंदुस्थानांतील पहिली उतारूंची आगगाडी धांवली ती याच बाजूनें. परंतु गाडी जवळून गेली म्हणून खेड्याचें शहर झालें नाहीं. सन १९२२ मध्यें येथील जमीनदार झवेरदास रामदास यांनीं क्राउन व कार्टर या वास्तुशिल्पज्ञांकडून वसाहतीचा आराखडा करविला. स्थानकापासून पांच रस्त्यापर्यंतची ती काटकोनी आंखणी पायीं हिंडणारास आजहि ओळखतां येते. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांची वसाहत डोंगराच्या पायथ्याशीं झाली. तीच मुलुंड कॉलनी. १९५७ सालीं बृहन्मुंबईची हद्द पश्चिमेस दहिसरपर्यंत व पूर्वेस मुलुंडपर्यंत वाढली. म्हणजे सरकारनें व्यायाम वेळापत्रकांत घातला तो काळ आणि मुलुंड वाढीस लागलें तो काळ हे जवळजवळ एकच होत. पुण्याच्या पेठांतील मुलगा चिंचेच्या किंवा नगरकरांच्या तालमीवरून शाळेस जात असे. शाळेनें कांहीं न शिकविलें तरी त्याचें फारसें अडत नव्हतें. पेशवाईपासून चालत आलेली अशी तालीम नव्या आंखलेल्या वसाहतीस आपोआप लाभणें शक्य नव्हतें. येथें जें करावयाचें तें शाळेनेंच करावयाचें होतें. म्हणून शालेय तासाची परीक्षा पाहावयास असें उपनगर पेठेपेक्षां अधिक उपयोगी.

आतां तालमींत काय होतें तें पाहूं. बाळंभट दादा देवधर यांची कथा व्यायामप्रेमी वाचकांस माहीत आहेच. दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारीं निजामाकडील अली व गुलाब हे दोन पहिलवान आले, त्यांनीं आव्हान दिलें, तें तरुण बाळंभटांनीं स्वीकारलें आणि तयारीसाठीं ते सप्तशृंगीस गेले. तेथें त्यांस मारुतीच्या कृपेनें मलखांबाची विद्या प्राप्त झाली, असें परंपरा सांगते. कथेंतील दैवी भाग बाजूस ठेविला तरी एक गोष्ट उरते, आणि आमच्या विषयाला तीच हवी. येथें कोणीं हजेरी घेतली नव्हती. एका मुलाला डिवचलें गेलें, त्याला एक निश्चित दिवस गांठावयाचा होता, आणि त्या दिवशीं चार लोक पाहणार होते.

दुसरें उदाहरण कथेचें नसून चरित्राचें आहे. बाळ गंगाधर टिळक १८७३ सालीं डेक्कन कॉलेजांत गेले तेव्हां त्यांचें वय सोळा-सतरा वर्षांचें होतें व प्रकृति किरकोळ होती. पहिलें वर्ष त्यांनीं अभ्यास बाजूस सारून शरीर कमावण्यांत घालविलें, आणि परीक्षेचें वर्ष गेलें तें जाऊं दिलें. पुढील चरित्राच्या तेजामुळें आपण या वर्षाकडे कौतुकानें पाहतों. परंतु त्या वेळच्या एखाद्या कर्तव्यदक्ष पालकास तें कसें दिसलें असेल याचाहि विचार करावा. मुद्दा असा कीं सोळा वर्षांच्या मुलाला व्यायामाची गोडी नसते हें विधान खोटें आहे. ती गोडी इतकी लागूं शकते कीं तिच्यापायीं परीक्षा बुडते.

सरकारी बाजूस प्रारंभ निराळा झाला. १८८२ च्या शिक्षण आयोगानें, ज्याचे अध्यक्ष विल्यम हंटर होते, शाळांतून देशी खेळ, कसरत व कवाईत यांस उत्तेजन द्यावें अशी शिफारस केली. शिफारशींत देशी खेळांचें नांव पहिलें होतें हें लक्षांत घेण्यासारखें आहे. प्रत्यक्षांत शाळांनीं उचलली ती बहुतेक कवाईतच. कारण ती स्वस्त होती. पलटणींतून निवृत्त झालेला हवालदार अल्प वेतनावर मिळे, त्याला साधनें लागत नसत, आणि दोनशें मुलें एका हुकुमावर वळतांना पाहून तपासनीस साहेबांस संतोष होई. हवालदारांची कुचेष्टा करण्याची रीत आपल्या वाङ्मयांत पडली आहे. आम्हांस ती मान्य नाहीं. जें त्यांस येत होतें तें त्यांनीं इमानानें शिकविलें. चूक इतकीच कीं प्रौढ सैनिकांची तुकडी एकसारखी हलविण्यासाठीं बनलेली विद्या, वाढत्या वयाच्या आणि एकमेकांहून फार निराळ्या अशा मुलांस, शरीरसंवर्धन म्हणून देण्यांत आली.

याच सुमारास तालमीकडे पाहण्याची सरकारची दृष्टि बदलली. पुण्यांत दामोदर हरि चाफेकर यांनीं मुलांना जमवून व्यायामाचा एक क्लब चालविला होता. ता. २२ जून १८९७ रोजीं गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडवर गोळी झाडली गेली, आणि त्यानंतर तरुणांचा आखाडा म्हणजे संशयाचें स्थान ठरलें. हौशीचा व्यायाम पोलिसांच्या नजरेखालीं आणि हजेरीचा व्यायाम शिक्षणखात्याच्या पंखाखालीं, अशी जी फारकत झाली ती पुढें चाळीस वर्षें मिटली नाहीं. शाळेच्या तासाला जें निर्जीवपण आलें त्याचें एक कारण आम्ही या फारकतींत शोधतों.

ती मिटविण्याचा यत्न बडोद्याकडून सुरू झाला. जुम्मादादांच्या आखाड्याचे वारस राजरत्न प्रो. माणिकराव यांनीं देशी व्यायामास संघव्यायामाचें रूप दिलें. एकट्यानें करावयाच्या गोष्टी शेंकडोंनीं एका तालावर व देशी आज्ञांवर कशा कराव्या याची पद्धति बसविली. त्यांच्यापाशीं १९०७ ते १९१० पर्यंत शिकलेले जगन्नाथ गणेश गुणे हेच पुढें स्वामी कुवलयानंद या नांवानें प्रसिद्ध झाले. त्यांनीं १९२४ सालीं लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापिलें, योगक्रियांची तपासणी प्रयोगशाळेंत आरंभिली, आणि १९३६ सालीं शाळांसाठीं ‘यौगिक संघव्यायाम’ हें पुस्तक दिलें. तिकडे अमरावतीस अंबादासपंत व अनंतराव या वैद्य बंधूंनीं १९१४ सालीं काढलेल्या हनुमान आखाड्याचें हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झालें होतें. त्याच्या पथकानें १९३६ सालीं बर्लिन येथें ऑलिंपिकच्या प्रसंगीं देशी खेळांचीं प्रात्यक्षिकें केलीं. त्याच वर्षीं बडोद्याहून दत्तात्रय चिंतामण करंदीकर-मुजुमदार यांच्या ‘व्यायामज्ञानकोशा’चें प्रकाशन सुरू झालें व दहा खंडांनीं तें १९४९ पर्यंत पुरें झालें. इतकी सामग्री सिद्ध असतां शाळेचा तास रिकामा राहावा हें चमत्कारिक होतें.

१९३७ च्या जुलैंत मुंबई इलाख्यांत बाळ गंगाधर खेर यांचें मंत्रिमंडळ अधिकारावर आलें. त्या मंत्रिमंडळाच्या काळांत शारीरिक शिक्षणाचा विचार करण्यासाठीं जी समिति बसली तिची सूत्रें स्वामी कुवलयानंदांकडे होतीं. आणि १९३८ सालीं कांदिवली येथें शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकांकरितां सरकारी प्रशिक्षणसंस्था उघडली. हिंदुस्थानांत या जातीची संस्था पूर्वीं नव्हती असें नाहीं. मद्रासेस हॅरी क्रो बक यांनीं वाय. एम. सी. ए. चें विद्यालय १९२० पासूनच चालविलें होतें. परंतु इलाख्याच्या सरकारनें स्वतः हवालदाराऐवजीं शिकविलेला शिक्षक तयार करावयाचा असें ठरविलें, हें पाऊल मोठें होतें. या संस्थेचें प्राचार्यपद भूषविलेले पी. एम. जोसेफ हेच १९५७ सालीं ग्वाल्हेरच्या लक्ष्मीबाई महाविद्यालयाचे पहिले प्राचार्य झाले, यावरून कांदिवलीचें वजन कळून येईल. वाचकांनीं नकाशा पाहावा : कांदिवली ज्या डोंगररांगेच्या पश्चिम अंगास आहे, तिच्याच पूर्व अंगास मुलुंड आहे. मधें आतां संजय गांधी राष्ट्रीय उद्यान म्हणतात तें रान. सुधारलेल्या व्यायामशिक्षणाचें उगमस्थान उपनगरांस इतकें जवळ होतें.

मग तास सुधारला काय? कांहीं अंशीं खासच सुधारला. लेझीम, मलखांब, लाठी, हुतुतू, खोखो हीं नांवें क्रमिक कार्यक्रमांत आलीं. शिक्षकाला शरीरशास्त्राची भाषा आली. मुलाचें वजन, उंची, छाती यांची नोंद होऊं लागली. परंतु तालमींतील व्यायामप्रकार शाळेंत आणतां आले, तसें तालमीचें कारण आणतां आलें नाहीं. हें कसें तें थोडें विस्तारानें सांगतों, कारण या लेखाचा गाभा हाच आहे.

तालमींत मुलगा येतो तेव्हां त्याला काय येत नाहीं हें पहिल्याच दिवशीं सर्वांस दिसतें, आणि त्यांत लाज नसते. कारण त्याच्या शेजारीं त्याच्याहून चार महिने पुढचा, एक वर्ष पुढचा आणि दहा वर्षें पुढचा असे तिघे उभे असतात. मलखांबावर पहिली साधी उडी बसली कीं पुढची दिसूं लागते. आज पंचवीस जोर निघाले, उद्यां तीस काढूं, हा हिशेब ज्याचा त्याच्याजवळ असतो. वस्ताद स्वतः मातींत उतरतो. हनुमानजयंतीस किंवा गणेशोत्सवांत चार लोकांपुढें जें करून दाखवावयाचें त्याची ओढ महिनाभर आधीं लागते. शाळेच्या तासांत यांतील प्रत्येक गोष्ट उलट आहे. एका वयाचीं साठ मुलें, एकच हालचाल, एकाच क्षणीं. ज्याला ती येते तो कंटाळतो, ज्याला येत नाहीं तो लपतो. आठवड्यास दोन-तीन तास, त्यांतील पहिलीं दहा मिनिटें रांगेंत व शेवटचीं दहा पाणी पिण्यांत. पाऊस आला कीं तास गणिताकडे. परीक्षा जवळ आली कीं तास इंग्रजीकडे. मुलें मूर्ख नसतात. जो तास शाळेलाच खरा वाटत नाहीं तो त्यांनीं खरा मानावा अशी अपेक्षा करणें व्यर्थ आहे.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड डेसी व रिचर्ड रायन यांनीं १९८५ सालीं ग्रंथरूपानें मांडलेल्या सिद्धांतांत माणसाच्या आंतरिक प्रेरणेस तीन गोष्टी लागतात असें म्हटलें आहे : कृति आपल्या इच्छेची वाटणें, ती आपल्यास जमते आहे अशी प्रतीति येणें, आणि बरोबरच्यांशीं आपलेपणा असणें. हें वाचतांना आम्हांस नवल वाटलें नाहीं. तालमीचा कोणताहि जुना वस्ताद हें वेगळ्या शब्दांत सांगूं शकला असता. फक्त त्याला तें कोणीं विचारलें नाहीं.

सक्तीनें हौस मरतेच असें मात्र कोणीं समजूं नये. औंधचे अधिपति भवानराव पंतप्रतिनिधि यांनीं आपल्या संस्थानच्या शाळांतून सूर्यनमस्कार सक्तीचे केले होते. पण तेथें राजा स्वतः रोज नमस्कार घालीत असे, म्हातारपणींहि घालीत असे, आणि हें रयतेच्या मुलांस माहीत होतें. त्यांचें सूर्यनमस्कारावरील इंग्रजी पुस्तक १९३८ सालीं लंडनमध्यें निघालें तेव्हां तिकडील वाचकांसहि त्या वृद्ध राजाच्या अंगकाठीचें नवल वाटलें. सक्ती करणारा स्वतः घाम गाळतो आहे हें दिसलें म्हणजे सक्तीचा कांटा बोथट होतो. खुर्चीवर बसून शिटी वाजविणाऱ्याच्या सक्तीस तो गुण येत नाहीं.

स्वातंत्र्यानंतरच्या प्रयत्नांपैकीं दोहोंचा उल्लेख पुरे. आझाद हिंद सेनेंतील सेनानी जगन्नाथराव भोसले, जे मूळचे सावंतवाडीकडील, यांनीं १९५४ सालीं दिल्लीच्या कस्तुरबा निकेतनांतील निर्वासित मुलांपासून राष्ट्रीय शिस्त योजना सुरू केली. ज्या मुलांचें घर सुटलें त्यांस दिनक्रम, गाणें, कवाईत व सोबत द्यावी हा तिचा मूळ हेतु होता, आणि मुलुंड कॉलनीसारख्या वसाहतींकडे पाहिलें म्हणजे तो किती रास्त होता तें समजतें. पुढें योजना देशभर पसरली तेव्हां सोबतीचा भाग विरळ झाला व कवाईतीचा ठळक राहिला. १९५९ सालीं हृदयनाथ कुंझरू यांच्या अध्यक्षतेखालीं अशा सर्व योजनांचा मेळ घालण्यासाठीं समिति बसली, आणि १९६५ त राष्ट्रीय स्वास्थ्यदल या नांवानें एकत्रीकरण झालें.

दुसरा प्रयत्न १९५९-६० पासूनच्या राष्ट्रीय शारीरिक क्षमता मोहिमेचा. धांव, उडी, फेक यांचीं ठराविक मानें गांठणारास एक, दोन किंवा तीन तारे द्यावयाचे, अशी ही योजना. हिचा काळ जगांतहि अशाच चिंतेचा होता. हान्स क्राउस व रूथ हिर्शलँड यांनीं १९५०-६० च्या दशकाच्या पूर्वार्धांत केलेल्या स्नायुचाचण्यांत अमेरिकेंतील निम्म्याहून अधिक मुलें नापास झालीं व युरोपांतील शेंकडा दहांहूनहि कमी. तेणेंकरून राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनीं १९५६ सालीं युवकांच्या क्षमतेसाठीं एक स्वतंत्र परिषदच नेमली. मोजमापाची ही लाट आजपर्यंत ओसरलेली नाहीं, ता. २९ ऑगस्ट २०१९ रोजीं सुरू झालेल्या ‘फिट इंडिया’ मोहिमेंतहि शाळकरी मुलांच्या क्षमतेच्या चाचण्या आहेतच.

या चाचण्यांविषयीं एक गोष्ट इतिहास लिहिणारानें विसरूं नये, कारण त्याला याच आंकड्यांवर विसंबावें लागतें. माँट्रियलचे लुक लेझे यांनीं १९८२ सालीं सुचविलेली चाचणी जगभर चालते : वीस मीटर अंतरावरील दोन रेषांमध्यें, ध्वनीच्या तालावर, वेग वाढवीत धांवावयाचें आणि जमेनासें झालें कीं थांबावयाचें. चाचणी उत्तम आहे, साधनें थोडीं लागतात. पण मुलगा थांबला तो छाती भरली म्हणून, कीं मित्र थांबला म्हणून, कीं पुढें धांवून काय मिळणार असें वाटलें म्हणून, हें कागदावर उमटत नाहीं. लहान मुलगा पडेपर्यंत धांवतो. चौदाव्या वर्षीं मुलांस लोक आपल्याकडे पाहतात याची जाणीव होते, आणि मग पहिल्यानें थांबण्याची लाज व शेवटपर्यंत धांवण्याचा संकोच दोन्ही एकदम लागतात. कागदावर पडलेली घट कित्येकदां शक्तीची नसून इच्छेची असते. ‘आजचीं मुलें दुबळीं झालीं’ असें जे लिहितात त्यांनीं आपल्या आंकड्यांत शक्ति किती व इच्छा किती तें आधीं सांगावें.

येथवर आम्ही तालमीची बाजू घेतली. आतां तिच्याविरुद्ध जें सांगावयाचें तें सांगितलें नाहीं तर लेख एकांगी होईल. तालीम सर्वांस खुली नव्हती. मुलींस तर ती बहुतेक बंदच होती. हजेरीचा तास कितीहि रुक्ष असला तरी मुलीला अंग मोकळें करावयाचा हक्क सार्वत्रिकपणें प्रथम त्यानेंच दिला. त्याचप्रमाणें ज्या घरांतून मुलास आखाड्याचा उंबरठा ओलांडूं दिला नसता त्या घरांतील मुलांसहि. हौशीचें तत्त्व ज्यांना संधि आहे त्यांच्यापुरतें गोड असतें. जागतिक आरोग्य संघटनेच्या संशोधकांनीं २०१९ सालीं १४६ देशांविषयीं प्रसिद्ध केलेल्या हिशेबाप्रमाणें, ११ ते १७ वर्षांच्या शाळकरी मुलांपैकीं शेंकडा ८१ जणांची रोजची हालचाल एक तासाहून कमी भरली. त्यांत मुलगे शेंकडा ७८ व मुली शेंकडा ८५. हें अंतर मुलींच्या आळसाचें नव्हे. कपडे बदलावयास आडोसा नसणें, मासिक अडचणीविषयीं पुरुष शिक्षकाशीं बोलतां न येणें, मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या नजरा, घरीं परतण्याची घाई, हीं त्याचीं साधीं कारणें होत. तीं दूर केलीं असतां काय होतें याचें उदाहरण मुंबईंतच आहे. शिवाजी पार्कवरील श्री समर्थ व्यायाम मंदिर १९२५ पासून चाललें आहे. तेथें मुली दोरीच्या मलखांबावर ज्या सहजतेनें चढतात ती पाहण्यासारखी आहे. त्या संस्थेचे उदय देशपांडे यांस २०२४ सालीं पद्मश्री मिळाली, आणि मलखांबाची पहिली जागतिक स्पर्धा फेब्रुवारी २०१९ मध्यें शिवाजी पार्कवरच झाली. बाळंभट दादांच्या विद्येला मुली वारस होतील हें पेशवाईंत कोणास सांगितलें असतें तर त्यानें हंसण्यावारी नेलें असतें.

राहिला जागेचा प्रश्न. १९२२ च्या आराखड्यांत मुलुंडास सरळ रस्ते मिळाले. पण शाळा जसजशा दाटीनें उभ्या राहिल्या तसतशा कित्येक शाळांच्या वांट्यास इमारतीपुढील फरसबंद अंगण तेवढें आलें. बालकांच्या शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्यानें आपल्या परिशिष्टांत शाळेस क्रीडांगण आवश्यक ठरविलें आहे, मात्र तें केवढें असावें तें परिशिष्टांत सांगितलेलें नाहीं. पूर्वेस संभाजी मैदान आहे, पश्चिमेस कालिदास नाट्यगृहाच्या आवारांत महापालिकेचें क्रीडासंकुल व पोहण्याचा तलाव आहे. सायंकाळीं या ठिकाणीं जाऊन पाहावें. दुपारीं व्यायामाच्या तासास पोटांत दुखतें म्हणून सावलींत बसणाऱ्या वयाचींच मुलें तेथें अंधार पडून चेंडू दिसेनासा होईपर्यंत धांवत असतात, आणि त्यांची हजेरी कोणी घेत नाहीं.